तात्या दिसताहेत तोवर

आदगोंडा मगदूम पन्नाशीनंतर दर वर्षी थोडे थोडे लहान होत गेले, आणि ते घरच्यांना दिसत राहावेत म्हणून मिरजेचा मगदूम ऑप्टिकल वर्क्स हा कारखाना मोठा होत गेला. कंपनीचा इतिहास म्हणून जो काही आहे तो एवढाच.

पहिल्यांदा सदऱ्याच्या बाह्या लांब झाल्या तेव्हा शिंप्याला बोल लावला गेला. मग डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरांनी नाडी बघितली, जीभ बघितली आणि सांगितलं, "प्रकृती ठणठणीत आहे. फक्त कमी आहे." त्यांनी रात्री दूध घ्यायला लावलं. दूध घेऊनही आदगोंडा, म्हणजे सगळ्या गावाचे तात्या, कमी होतच राहिले.

तेव्हा त्यांचा चष्म्याची भिंगं घासून देण्याचा लहानसा धंदा होता. तात्या वीतभर झाले तेव्हा त्यांच्या बायकोची तक्रार सुरू झाली, की जेवताना आमटी आवडली की नाही ते ह्यांच्या तोंडावरून कळत नाही. म्हणून मुलानं, अण्णांनी, आईला एक चांगलं हातभिंग करून दिलं. आमटी आवडत होती. ते भिंग शेजारच्या सोनारानं बघितलं आणि आपल्यालाही एक मागितलं. पुढं तात्या बोटाएवढे झाले तेव्हा घड्याळजींचं डोळ्याला लावायचं भिंग निघालं, गव्हाएवढे झाले तेव्हा कॉलेजांसाठीचा सूक्ष्मदर्शक, आणि तिळातून खाली उतरले तेव्हा रक्त तपासणाऱ्या लॅबवाल्यांचा मोठा सूक्ष्मदर्शक. माल एवढा बारकाईनं का केलेला असतो, असं बाहेरगावचे व्यापारी विचारायचे. अण्णा खरं ते सांगायचे, "आम्हाला आमच्या वडलांना बघायचं असतं." आसपासच्या बाकीच्या भिंगवाल्यांचे संस्थापक आहे त्या मापाचे राहिले. ते कारखाने यथावकाश बंद पडले.

स्वतः तात्यांना याचं वाईट वाटल्याचं कुणी पाहिलं नाही. उलट ते दर वर्षी जास्तच खुशीत यायचे. पलंगावरून ते काडेपेटीत गेले, काडेपेटीतून सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्टीवर. प्रत्येक वेळी नव्या जागेत दोन्ही हात पसरून गरागरा फिरायचे आणि म्हणायचे, "घर रोज मोठं व्हायला लागलंय की रं! एवढ्या जागेचा मालक अख्ख्या सांगली जिल्ह्यात दुसरा न्हाई!"

ते काय म्हणतात हे त्रिशला सांगायची. ती अण्णांची मुलगी. तात्यांचा आवाज ऐकू यायचा बंद झाला तेव्हा ती शाळेत होती, आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्यांच्या ओठांवरून शब्द ओळखायला ती आपली आपणच शिकली. तात्यांना मात्र वरचं सगळं ऐकू यायचं. अण्णा गेल्यावर कारखाना त्रिशलाकडे आला. रोज सकाळी ती तात्यांच्या काचपट्टीपाशी चहाचा कप घेऊन बसे, काल काय झालं ते सांगे आणि आज काय करायचं ते विचारून घेई. तात्या कंपनीचे अध्यक्ष होते.

अध्यक्षांनी कंपनीच्या घटनेत एक कलम फार पूर्वी स्वतः घालून घेतलं होतं. 'वार्षिक सभेत अध्यक्ष दिसले पाहिजेत. न दिसल्यास कंपनी विकून टाकावी.' अण्णांनी तेव्हा हरकत घेतली होती. तात्या म्हणाले होते, "घरातलं माणूस दिसंना झालं तर लोकांस्नी भिंगं कुठल्या तोंडानं इकायची?"

यंदा ती वेळ आली. तात्या आता एवढे लहान झाले होते की त्यांच्यापुढं उजेडच जाडाभरडा ठरत होता. उजेडाच्याही लाटा असतात, आणि त्या लाटेपेक्षा लहान माणूस त्यात दिसत नाही. पुराच्या पाण्याला काडी आडवी आली काय अन् न आली काय. त्रिशलानं वर्षभर नवी भिंगं घासली. पंधरवड्यापूर्वी तात्या शेवटचे दिसले तेव्हा नुसती एक पुसट सावली होती. ओठ हलल्यासारखे वाटले. तिनं भरतेशला सांगितलं, "एकतर 'काळजी करू नको' म्हणाले, नाहीतर 'काकडी कापू नको'."

"मग?"

"मग काय, दोन्ही पाळायचं."

भरतेश तिचा चुलतभाऊ. विक्रीचं खातं त्याच्याकडे होतं. माणूस कष्टाळू, पण दमलेला. पुण्याच्या एका मोठ्या कंपनीनं कारखाना विकत घ्यायची तयारी दाखवली होती, आणि त्याला ते बरं वाटत होतं.

"अक्का, उजेडाऐवजी इलेक्ट्रॉनवर चालतो तो सूक्ष्मदर्शक आणू या," तो एकदा म्हणाला होता. "त्यात ह्याहून बारीक दिसतंय."

"त्यात हवा काढून घेतात."

"मग?"

"तात्यांना हवा लागती."

भरतेशलाही तात्या हवे होते. लहानपणी तो त्यांच्यासाठी शेंगदाण्याच्या फोलपटाच्या खुर्च्या करायचा. पण आहे ते आहे, नाही ते नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

सभेला सरकारी कार्यालयातून हणमंत इंगवले नावाचे अधिकारी साक्षीला आले. सावकाश बोलणारे, स्वच्छ कपड्यांतले गृहस्थ. त्यांनी चहा घेतला, खुर्ची पुढं ओढली आणि विचारलं, "अध्यक्ष कुठं बसलेत?"

"ह्या काचेवर," त्रिशला म्हणाली.

"उत्तम. बघू."

इंगवल्यांनी चष्मा काढून डोळा लावला. बराच वेळ लावला. मग दुसरा डोळा लावला. सभागृहात पॉलिश खात्यापासून पॅकिंगपर्यंतची सगळी माणसं टाचा उंचावून उभी होती.

"बाई, मला नुसता पांढरा उजेड दिसतोय. स्वच्छ आहे, काम उत्तम आहे. पण त्यात अध्यक्ष नाहीत."

"आहेत. दिसत नाहीत."

"कलमात 'असले पाहिजेत' असं नाही. 'दिसले पाहिजेत' असं आहे." इंगवल्यांना हे सांगताना आनंद होत नव्हता. "मी जेवायच्या सुट्टीपर्यंत थांबतो. तोवर दिसले तर ठीक."

त्रिशलानं भिंग बदललं. पुन्हा बदललं. कारखाना जाईल याची भीती होतीच, पण तिला बोचत होतं ते वेगळंच. कारखाना विकला तरी तात्या आपल्यासोबतच राहतील, पण उद्यापासून चहाचा कप घेऊन बसायचं ते कुणासमोर? रिकाम्या काचेसमोर? तिनं काचेकडं वाकून हळूच म्हटलं, "तात्या, जरा इकडं या की." भिंगात पांढरा उजेड तसाच राहिला.

माणसांच्या गर्दीनं खोलीत उकडायला लागलं होतं. भरतेशनं उठून बंद खिडकीचं एक दार किलकिलं केलं. उन्हाचा एक कवडसा आडवा आत आला, आणि त्यात धुळीचे कण चमकायला लागले. खोलीभर तीच धूळ होती, पण दिसत होती ती फक्त कवडशात. त्रिशला त्याच्याकडं बघत राहिली. मग ती एकदम उठली ती खुर्ची मागं पाडूनच.

"आपण त्यांच्या पाठीमागून उजेड सोडतोय," ती म्हणाली. "बाजूनं सोडायला पाहिजे! भरतेश, काळा कागद!"

तिनं सूक्ष्मदर्शकाचा खालचा दिवा बंद केला, आरसा काळ्या कागदानं झाकला आणि दुसरा दिवा काचपट्टीच्या बगलेला आडवा ठेवला. इंगवल्यांनी विचार केला आणि दिवा कुठं ठेवावा याबद्दल कलमात काही नाही, असं जाहीर केलं.

तिनं डोळा लावला. गडद काळोख होता, आणि त्या काळोखात ठिपके होते. एक नव्हे, दोन नव्हे, अमावस्येच्या आभाळाएवढे. सगळे लखलखत होते आणि जागच्या जागी नाचत होते. तिच्या तोंडून हसू फुटलं आणि ते तिला आवरेना.

इंगवल्यांनी बघितलं. "दिसतायत खरे," ते म्हणाले. "यातले अध्यक्ष कोणते?"

काचेवर तात्यांबरोबर हवेतली धूळही होती, आणि या मापाला आल्यावर धूळ आणि माणूस सारखेच दिसतात.

"नाचणारा असेल तो," भरतेश म्हणाला.

"सगळेच नाचतायत," इंगवले म्हणाले.

"नुसतं थरथरणं वेगळं आणि नाच वेगळा, साहेब. तात्या तरुणपणी लेझमीचे वस्ताद होते. पाऊल चुकायचं न्हाई." भरतेश मागं वळून ओरडला, "कल्लाप्पा! तुझी हलगी आण!"

पॉलिश खात्यातला कल्लाप्पा गणपतीत हलगी वाजवायचा. त्यानं कपाटामागून हलगी काढली, दिव्यावर जरा तापवली आणि विचारलं, "चाल कुठली धरू?"

"साधी. दोन पुढं, एक मागं."

हलगी कडाडली. कपबशा थरथरल्या. त्रिशला डोळा लावून त्या थरथरणाऱ्या गर्दीत पाऊल न चुकणारा एक ठिपका शोधू लागली.

"सापडले?" इंगवल्यांनी विचारलं.

त्रिशलाचे खांदे गदगदत होते. ती हसत होती की रडत होती ते मागच्यांना कळेना. ती बाजूला झाली आणि म्हणाली, "तुम्हीच बघा."

इंगवल्यांनी बघितलं. काळोखात ठिपक्यांच्या रांगा लागल्या होत्या. सगळेच्या सगळे दोन पावलं पुढं येत होते, एक मागं जात होते, मधेच वाकून उठत होते. एकही पाऊल चुकत नव्हतं. तात्यांनी सगळ्या धुळीला लेझीम शिकवली होती.

इंगवले बराच वेळ बघत राहिले. त्यांचा उजवा बूट फरशीवर ताल धरू लागला. मग त्यांनी स्वतःला सावरलं.

"अडचण अशी आहे," ते म्हणाले, "की यातले अध्यक्ष कोणते ते सांगता येत नाही."

"न्हाई," भरतेशनं कबूल केलं.

"पण कलमात 'दिसले पाहिजेत' असं आहे. 'ओळखले पाहिजेत' असं नाही. इथं जे आहेत ते सगळे दिसतायत, आणि अध्यक्ष इथं आहेत, असं बाई सांगतात. म्हणजे अध्यक्ष दिसतायत." त्यांनी लेखणी काढली आणि इतिवृत्तात स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'अध्यक्ष बहुसंख्येने उपस्थित होते.'

मग काय विचारता! कल्लाप्पानं हलगीवर जी काडी चढवली ती उतरवेचना. पॅकिंगच्या बायकांनी फेर धरला. भिंगं पुसायच्या मऊ कापडांचे फेटे झाले. भरतेशनं पुण्याच्या कंपनीला तिथूनच फोन लावला आणि "आमचे अध्यक्ष दिसले, तवा जमायचं न्हाई," असं सांगितलं. पलीकडच्या माणसाला हलगीतून निम्मंच ऐकू गेलं, पण त्यानं अभिनंदन केलं. फोन खिशात घालून भरतेश नाचात घुसला; चार वर्षांत तो एवढा हलला नव्हता. इंगवल्यांना कुणीतरी हात धरून ओढलं. ते म्हणाले, "मी ड्यूटीवर आहे," आणि नाचले. दोन पुढं, एक मागं.

हळूहळू माणसं पंगतीकडं गेली. त्रिशला एकटीच टेबलापाशी राहिली. आनंद होताच, पण एक सल होता. ठिपक्याला ओठ नसतात. तात्या दिसत होते, पण आता काय म्हणतात ते कधीच कळणार नव्हतं. तिनं पुन्हा डोळा लावला.

"तात्या," ती म्हणाली, "आता आपण बोलायचं कसं हो?"

हलगी थांबलेली असल्यामुळं रांगा मोडल्या होत्या. बराच वेळ ठिपके इकडं तिकडं फिरत राहिले. मग त्यांची धावपळ सुरू झाली. काही वर गेले, काही खाली आले, काही एकमेकांना धडकून परत फिरले. काळोखात एक आडवी रेघ उभी राहिली. तिच्याखाली वाकडे आकार लटकले. त्रिशलाला काही उमगेना, कारण सूक्ष्मदर्शकात सगळं उलटं दिसतं. ते तात्यांच्याही लक्षात आलं असावं. सगळी ओळ दमादमानं फिरली आणि सुलटी झाली. एक मात्रा मागं राहिली होती, ती पळत येऊन आपल्या जागेवर बसली.

'जेवलीस काय?'

अक्षरांतले ठिपके शिस्तीत उभे होते. प्रश्नचिन्हाच्या खालचा ठिपका तेवढा एकटा होता, आणि त्याच्या उड्या काही केल्या थांबत नव्हत्या.

"न्हाई अजून, तात्या," त्रिशला त्याला म्हणाली. "बसतेच आता."