पुलाखालचं सिव्हिल

सीईटीचा निकाल लागला, की पुढच्या मंगळवारी इंजिनिअरिंगची कॉलेजं स्वतःच्या पायांनी तांबसवाडीच्या बैलबाजारात येतात. मुलं आईवडिलांना घेऊन बाजार फिरतात, कॉलेजं पारखतात, आणि सौदा ठरला की पसंत पडलेल्या कॉलेजात चढून त्याच्याबरोबर निघून जातात. बैलांना त्या मंगळवारी सुट्टी असते.

सुखदेव ढमाले एसटीत ड्रायव्हर. यंदा त्यांच्या प्रांजलचा बाजार होता आणि निकालापासून त्यांचे पाय जमिनीला लागत नव्हते. ढमाल्यांच्या घराण्यात इंजिनाशेजारी बसणारे ते पहिले, आणि इंजिनिअर होणारी ती पहिली. डेपोत, टपरीवर, इतकंच काय बसमध्ये चढणाऱ्या अनोळखी बाईलाही ते सांगून मोकळे झाले होते, "पोरगी कॉम्प्युटरला चाललीय आमची." पोरीला विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

बापलेक पहिल्या गाडीने बाजारात आले. वाटेत नदीवरचा जुना पूल लागतो. त्याची मधली कमान कैक वर्षं खचत चाललेली. तिथे आलं की सुखदेवराव गाडी पहिल्या गिअरात घालत, प्रवासी मुकाट होत, आणि पलीकडे पोचेपर्यंत कोणी शिंकतही नसे. केबिनमधल्या सीटवर बसून शाळेला गेलेल्या प्रांजलने स्टिअरिंगवरची वडिलांची पांढरी पडलेली बोटं इतक्या वेळा पाहिली होती, की ती तिला पाठ झाली होती. याबद्दल घरात कधी कोणी बोललं नव्हतं.

बाजार गच्च भरला होता. कॉलेजं रांगेने उभी होती, काहींनी कमानींना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. नोकरी लागलेली मुलं खिडक्याखिडक्यांतून टाय लावून हात हलवत होती. सुखदेवरावांचे वडील बैलांचे जाणकार. तेव्हा कॉलेज कसं पाहायचं हे आपल्याला वेगळं शिकावं लागत नाही, असा सुखदेवरावांचा ठाम समज होता. एका काचेच्या कॉलेजाला त्यांनी गोल फिरवून पाहिलं, पायरीवर थाप मारली, मागे जाऊन हॉस्टेल बघितलं. कॉलेज लंगडत नव्हतं.

"प्लेसमेंट?" त्यांनी दलालाला विचारलं.

"खिडक्या बघा की पाव्हणं. एक तरी मोकळी दिसतीय का?"

"याची जोडी कुठाय?"

"ड्रायव्हरसाहेब, कॉलेज एकच घ्यायचं असतंय."

सुखदेवरावांना ते पटलं नाही, पण वाद नको म्हणून त्यांनी पायरीवर आणखी एक थाप मारली. प्रांजलने वर एका टायवाल्या मुलाला विचारलं, "दादा, काय काम करता?" तो म्हणाला, "अजून सांगितलेलं नाही. सध्या हात हलवतो." तो आनंदात होता. तिने मान डोलावली.

ऊन चढल्यावर सगळ्यात शेवटी एक जुनं दगडी कॉलेज आलं. पहिल्या मजल्यापर्यंत चिखलाने माखलेलं, आणि डावीकडचा एक भागच नसलेलं. तिथे जिन्याचं तोंड उघडं दिसत होतं. बाजारात हशा पिकला.

"हसताय काय?" त्या कॉलेजाचा म्हातारा दलाल घाम पुसत म्हणाला. "सकाळी ही सगळी एकदम पुलावर चढली. कमान बसली खाली! रडारड सुरू. आमचं सिव्हिल, ही डावीकडची बाजू, उतरलं पाण्यात आन् खालून खांदा लावला. हे तुमचं काचेचं त्याच्याच डोक्यावरून आलंय. ते अजून तिथंच उभंय. निघालं तर पूल जाईल."

काचेच्या कॉलेजाने तोंड फिरवलं. सुखदेवराव कौतुकाने म्हणाले, "चांगलं जनावर आहे," आणि पुन्हा काचेच्या कॉलेजाकडे वळले. प्रांजल मात्र दगडी कॉलेजाच्या उघड्या जिन्यापाशी जाऊन उभी राहिली होती. हाक मारली तरी येईना, तेव्हा तेच तिच्याकडे गेले.

"हे पण वाईट नाही," ते म्हणाले. "कॉम्प्युटर आहे का यात?"

"हाय की," म्हातारा म्हणाला आणि त्याने हातावर रुमाल टाकला.

बाजाराची रीतच आहे. सौदा तोंडाने होत नाही, रुमालाखाली बोटांनी होतो. अंगठा कॉम्प्युटरचा, मधली बोटं इतरांची आणि करंगळी सिव्हिलची. धरलेलं बोट कोणी बोलून दाखवत नाही. रुमाल ओढला तर सौदा मोडला, आणि तो हक्क पालकांचा. सुखदेवरावांनी रुमालाखाली हात घातला आणि अंगठा धरला. म्हाताऱ्याने मान हलवली, एवढ्या पर्सेंटाइलला अंगठा मिळत नाही. सुखदेवरावांनी सोडला नाही. घासाघीस सुरू झाली, दोघांच्या दंडाच्या शिरा फुगल्या, माणसं भोवती जमली, आणि अखेर म्हातारा नरमला. सुखदेवरावांच्या चेहऱ्यावर हसू पसरत होतं, तेवढ्यात रुमालाखाली तिसरा हात आला.

आजवर रुमालाखाली मुलाचाही हात गेला नव्हता, मग मुलीचा कुठला. म्हातारा दचकला आणि जन्मभराची रीत विसरून मोठ्याने म्हणाला, "करंगळी?"

बाजार थांबला. डेपोतली चार माणसं गर्दीत होती. सुखदेवरावांचे कान तापले. त्यांनी रुमालाचं टोक पकडलं. ओढलं की संपलं.

"अगं, सगळ्या तालुक्याला कॉम्प्युटर सांगितलंय मी."

"मला विचारलं असतं तर सिव्हिल सांगितलं असतं."

"त्याला प्लेसमेंट नाही गं. खिडक्यांत बघ, टायवाला एक तरी सिव्हिलचा दिसतोय का?"

"पप्पा, त्या कमानीवर तुमची बोटं पांढरी पडतात," प्रांजल म्हणाली. "मी लहानपणापासून बघतेय. मला ते बघवत नाही." रुमालाखालची तिची पकड ढिली झाली नव्हती. तिच्या मुठीची बाजू त्यांच्या मनगटाला लागली होती. पकड अस्सल ढमाल्यांची होती.

सुखदेवरावांना आधी राग आला होता. आता छातीत काहीतरी इतकं भरून आलं, की शर्टाचं वरचं बटण काढावं लागलं. त्यांनी अंगठा सोडला. रुमालाचं टोक ओढलं नाही, उलट लेकीच्या मनगटाभोवती नीट खोचून दिलं.

"सिव्हिल," ते म्हणाले, आणि डेपोतल्यांकडे बघून पुन्हा एकदा, मोठ्याने म्हणाले.

संध्याकाळी सगळी कॉलेजं पुलावरून परत गेली. दगडी कॉलेजही गेलं. सिव्हिल मात्र खालीच राहिलं, कारण बांधकाम खात्याचा माणूस यायचा होता. तो अजून आलेला नाही. वर्ग तिथेच भरतात. मुलं गमबूट घालून बसतात, आणि कमान किती दबली हे पाळीपाळीने मोजतात. प्रांजलची पाळी सकाळची असते, म्हणजे पहिल्या गाडीची.

पहिल्याच दिवशी ती गाडी पुलाशी आली तेव्हा प्रवासी सवयीने मुकाट झाले. कंडक्टर केबिनपाशी आला.

"ढमाले, पहिला टाका. कमान आली."

"पहिला कशाला?" सुखदेवराव म्हणाले. "खाली माझी पोरगी आहे."

आणि त्यांनी तिसरा टाकला.