जुना भाडेकरू विंडोज

लिनक्स टाकायला मला सत्तेचाळीस मिनिटं लागतात. ही फुशारकी नाही, माझ्याकडे नोंदी आहेत! पदार्थविज्ञानात एम.एस्सी. केलं की माणूस दुधाला उकळी फुटायचा वेळसुद्धा तीनदा मोजून सरासरी काढतो. त्यामुळे वाडीच्या कमिटीचा म्हातारा लॅपटॉप सुरू व्हायला सरासरी चौदा मिनिटं वीस सेकंद घेतो हे सिद्ध झाल्यावर मी शनिवारी दुपारी मनमोहनकाकांना म्हणाले, "द्या इकडे. विंडोज आहे तसंच राहील, शेजारी लिनक्स टाकते, विंडोजसारखंच पण हलकं. चालू केलं की यादी येईल, हवं ते निवडायचं. तासाभरात देते!"

मनमोहनकाका म्हणजे माझे सख्खे काका आणि आमच्या ठाकूरद्वारच्या वाडीच्या कमिटीचे सेक्रेटरी. "उद्या अकराला आर्किटेक्ट येतोय, मधुरा," ते म्हणाले. "मापं त्यातच आहेत. सांभाळून!"

मापं म्हणजे आमचा जीव की प्राण. वाडी पाडून टॉवर होणार, आणि जुनं घर जेवढं भरेल त्या हिशोबात नवं मिळणार. आर्किटेक्टच्या पहिल्या नकाशात तर गॅलऱ्याच नव्हत्या! सुमतीकाकूचं निम्मं आयुष्य त्या गॅलरीत जातं. पापड तिथे, पेपर तिथे, आणि खाली रस्त्यावर कोण कोणाबरोबर चाललंय याची टेहळणीही तिथूनच. गॅलरी धरली नाही तर काकूला तेवढी जागा कमी मिळणार होती. म्हणून काकांनी अकरा महिने खपून अख्खी वाडी मोजली आणि लॅपटॉपवर नकाशा काढला होता.

सत्तेचाळीस मिनिटांत लिनक्स बसलं. मी ऐटीत लॅपटॉप पुन्हा सुरू केला. यादी आली. वर लिनक्स. खाली लिनक्सचेच दोन जादा पर्याय. विंडोज? लग्नाच्या फोटोत नवराच नाही, तसं!

"विंडोज कुठाय?" काकांनी विचारलं.

"आहे ना, आतच आहे. फक्त यादीत त्याचं नाव नाही."

काका मटकन खुर्चीत बसले. पुनर्विकासाच्या तोंडावर 'यादीत नाव नाही' हे शब्द गिरगावात उच्चारू नयेत, हे मला कोणी शिकवलंच नव्हतं. पाच मिनिटांत ही बातमी चारही मजल्यांवर पोचली.

नकाशाची फाइल लिनक्समधूनही दिसत होती, पण तो जुनाट नकाशाचा प्रोग्रॅम विंडोजशिवाय चालत नाही. रविवारी सकाळी दोष सापडला. सुरुवातीला यादी दाखवतो तो छोटा प्रोग्रॅम म्हणजे बूटलोडर. आमचा बूटलोडर शिष्ट निघाला. शेजारी कोण राहतं हे बघायला तो गेलाच नव्हता! एक ओळ बदलून मी त्याला पाठवलं. साडेदहाला यादीत विंडोजचं नाव आलं. चौथं. तळाला.

तोवर काकांच्या खोलीत कमिटी जमली होती. तळमजल्यावरचे हितेंद्रकाका स्क्रीनला नाक लावून उभे होते.

"ह्या काय गो? काल इलो तो वर, आनि जुनो तळाक?"

"क्रमाला काही अर्थ नसतो, काका."

"अर्थ नसता? मगे माका टॉवरात तळमजलो कित्याक?"

निवृत्त शिक्षिका कालिंदीताईंनी चष्मा चढवला. "विंडोज किती वर्षं राहतोय?"

"दोन हजार चौदापासून."

"जागा किती होती?"

"पाचशे जीबी. म्हणजे सगळीच."

"आणि आता?"

"...दोनशे."

"निम्म्याहून कमी! त्याची संमती घेतली होतीस?"

"ताई, ते सॉफ्टवेअर आहे!"

"उद्या आम्हालाही असंच काहीतरी म्हणाल!"

एवढ्यात यादीचे दहा सेकंद संपले आणि लिनक्स आपोआप सुरू झालं.

"बघा! चर्चा चालू असताना घुसलो!" हितेंद्रकाका गरजले.

मी पुन्हा यादी आणली आणि विंडोजकडे बोट नेलं.

"खबरदार!" मनमोहनकाका ओरडले. "लॅपटॉप कमिटीचा आहे. काय उघडायचं ते कमिटी ठरवेल. ठरावाआधी बटणाला हात नाही! बोला, सूचक कोण?"

सूचक मिळेपर्यंत लिनक्स. पुढच्या खेपेला सूचक मिळाला, अनुमोदकाला ठसका लागला. लिनक्स. तिसऱ्या खेपेला कालिंदीताईंना ठरावातलं क्रियापद खटकलं. लिनक्स! शेवटी मी वैतागून दहा सेकंदांची मुदतच काढून टाकली. आता यादी कितीही वेळ थांबणार होती. तशी कमिटीही! आधी विंडोजला त्याची जुनी जागा लेखी द्या, मगच पुढचं बोला, इथवर गाडी आली.

अकरा वाजता सुशांत आर्किटेक्ट दारात उभा राहिला. काकू सोडून कोणाचंच लक्ष नव्हतं.

"अहो, ते आलेत."

"थांब गं! इथे एकाच्या हक्काचा प्रश्न आहे!"

"आणि माझ्या गॅलरीचं काय?" असं म्हणत काकूने सुशांतला हाताला धरलं आणि सरळ बाहेर नेलं. त्याने साबणाच्या वडीएवढं यंत्र काढलं. भिंतीवर लाल ठिपका पडला.

"नऊ फूट सात इंच, काकू! धरतो ही."

आत काका खुर्चीतून उठले.

"माझ्याकडे नऊच आहे," काका पुटपुटले.

"सात इंच गेले कुठे?" काकू दारातून कडाडली.

"अगं, फुटाखालचं सोडून द्यायचं. छत्तीस वर्षं कचेरीत हाच नियम."

"सगळ्यांच्याच खोल्यांना?" कालिंदीताईंचा आवाज चिरकला.

"अर्थात! नियम म्हणजे सगळ्यांना सारखा!"

सगळ्यांच्या नजरा हळूहळू स्क्रीनकडे वळल्या. तळाला विंडोज गरीब चेहऱ्याने वाट बघत होतं. सुशांतने आत डोकावलं. "तुम्ही पण मापं काढलीत म्हणे. ताडून बघायची का?"

"कसली मापं?" अख्खी कमिटी एका सुरात म्हणाली.

तो शेजारच्या खोलीत गेल्याबरोबर काका कुजबुजले, "विंडोजला काढून टाकावं. सूचक?"

"मी!" कालिंदीताई.

"अनुमोदक?"

"मी! तसो तो आमचो कोण लागता?" हितेंद्रकाका.

"मंजूर!"

तीन सेकंद. मी मोजले.

ठरावाप्रमाणे मी विंडोजची सगळी जागा पुसली, लिनक्सला दिली आणि लॅपटॉप पुन्हा सुरू केला. स्क्रीन काळीकुट्ट. यादी नाही, विंडोज नाही, लिनक्सही नाही. दोघांच्या खोल्या वेगळ्या असल्या तरी जिना सामायिक असतो, म्हणजे बूटलोडर जिथे राहतो तो डिस्कचा छोटा तुकडा. खोलीबरोबर मी जिनाही पाडला होता.

काकांनी त्या काळ्या स्क्रीनकडे बघितलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! आता ह्यातलं कोणालाच काही सापडायचं नाही!"

कोणालाच म्हणजे मलाही. मी लॅपटॉप मिटून काकांना परत दिला.