चेन पुढून की मागून

सातव्या महिन्यातही आपण मंचावर झोकात उभं राहणार आणि त्यासाठी मॉलवाल्यांना एक रुपया देणार नाही, असं भूमिकानं भर स्वयंपाकघरात जाहीर केलं, तेव्हा ऐकायला दोनच माणसं होती. एक नवरा सुशील, जो पोहे खात होता. दुसऱ्या सासूबाई, रुखमाबाई, ज्या नरखेडहून संत्र्यांची थैली आणि बाळाच्या गोधडीसाठी जुन्या लुगड्यांचं गाठोडं घेऊन सुनेच्या मदतीला आल्या होत्या.

"तं गाऊन घाल ना वं," रुखमाबाई म्हणाल्या. "मोकळं मोकळं वाटते."

झालं. भूमिकानं कालथा इतक्या जोरात ठेवला की सुशीलनं पोह्यांची प्लेट उचलून हॉल गाठला.

गाऊन या शब्दानं तिचं डोकं फिरायचं. दिवस गेल्याचं कळल्यापासून जो भेटेल तो तिला गाऊन घालायला सांगत होता. शेजारीण सांगत होती, मावससासू फोनवर सांगत होती, एका ओला-उबरवाल्यानंही सुचवलं होतं. आता नागपुरात गाऊन म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. सकाळी उठल्यापासून अंगात असतो, वर ओढणी टाकली की भाजीच्या गाडीपर्यंत चालतो, आणि दुपारी कुणी पाहुणा आला की बाई आत पळते, तो गाऊन. पोट पुढे आलं म्हणून बाईनं चार महिने त्यात शिरून घरात बसायचं, हे भूमिकाला मान्य नव्हतं. ती पतसंस्थेत नोकरीला होती आणि संस्थेच्या वार्षिक समारंभाचं सूत्रसंचालन सलग सहा वर्षं तीच करत आली होती.

यंदा रौप्यमहोत्सव होता. आणि यंदाच व्यवस्थापक विश्वनाथसाहेबांना तिची दया आली होती.

"मॅडम, या वेळी तुम्ही आराम करा. निवेदन अपूर्व करेल."

"मला काय झालं आहे, साहेब?"

"तसं नाही. तीन तास उभं राहायचं, लोकांसमोर जायचं. या अवस्थेत बरं दिसेल का?"

बरं दिसेल का! भूमिकाचे कान तापले. त्रास होईल का असं विचारलं असतं तर तिनं एक वेळ ऐकून घेतलं असतं. पण साहेबांना चिंता दिसण्याची होती. तिनं असा काही वाद घातला की साहेबांनी कार्यक्रम तिला परत दिला. मात्र ऑफिसातल्याच अपूर्वला निवेदनाची एक प्रत देऊन तयार राहायला सांगितलं, न जाणो मॅडमना ऐन वेळी जमलं नाही तर. अपूर्व तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत "सन्माननीय व्यासपीठ" असं पुटपुटत फिरत होता.

म्हणजे आता नुसतं बोलून भागणार नव्हतं. दिसायलाही हवं होतं. साडी नेसावी तर एकही ब्लाउज होत नव्हता आणि निऱ्या पोटावरून घसरगुंडीसारख्या खाली यायच्या. कुर्ते मांडीवर ताणून बसायचे. शेवटी ती मॉलमध्ये गेली. तिथे गरोदर बायकांसाठी एक वेगळा कोपरा होता आणि त्यात एक साधा, बिनबाह्यांचा, काळा झगा अडतीसशेला लटकत होता.

"याच्यात असं काय आहे?" तिनं विचारलं.

"मॅटर्निटी है, मॅम," विक्रेती म्हणाली.

पोट वाढलं म्हणजे पगारही वाढला असं या लोकांना कोण सांगतं, हे भूमिकानं तिथल्या तिथे मोठ्यानं विचारलं आणि ती तडक जरीपटक्याला गेली. बाजारात तासभर घासाघीस करून तिनं मोरपंखी रंगाचं, सोनेरी बुट्ट्यांचं झुळझुळीत कापड घेतलं. साडेचार मीटर, सहाशेत. त्याच गल्लीत लहानूभाऊंचं शिलाईचं दुकान होतं. लहानूभाऊ साठीचे, गळ्यात टेप, कानावर खडू. मशीनवरून मान वर न करता त्यांनी विचारलं, "काय शिवाचं?"

भूमिकाच्या मोबाइलमध्ये एका नटीचा फोटो होता. भरल्या पोटानिशी, पायघोळ, मोरपंखी झग्यात, महाराणीसारखी उभी. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, मॅटर्निटी गाऊन. त्यामुळे तिच्या तोंडून जे जायचं तेच गेलं.

"गाऊन."

"समजलं."

"हा फोटो बघा ना, भाऊ."

"फोटो काय पाहाचा, मॅडम? तीस वर्सं झाले, गाऊनच शिवून राहिलो मी. सांगा. लांबी?"

"पायापर्यंत."

"पोटावर सैल?"

"एकदम सैल. छातीखाली चुण्या."

"बाही कोपरापर्यंत?"

"हो. आणि खिसा पाहिजे." कार्यक्रमाचे कागद ठेवायला तिला खिसा हवा होता.

"खिसा तं देतोच आपण. चेन लावू?"

"लावा की."

माणूस किती चटकन समजून घेतो, असं भूमिकाला कौतुक वाटलं. घरी येऊन तिनं सुशीलला सुनावलंसुद्धा. "अडतीसशेचा माल हजाराच्या आत. याला अक्कल म्हणतात."

समारंभ शनिवारी पाच वाजता होता. लहानूभाऊंनी गुरुवार सांगितला होता, मग शुक्रवार सांगितला, मग शनिवारी सकाळी "बस, बटनच लावून राहिलो" असं सांगितलं. बटणं कुठून आली हा प्रश्न भूमिकाला तेव्हाच पडायला हवा होता. तीन वाजता सुशील पुडकं घेऊन आला. तिनं ते उघडलं, झटकलं, पलंगावर पसरलं आणि खाली बसली.

मोरपंखी कापडाचा तो एक अस्सल, घरगुती, रात्री घालायचा गाऊन होता. गोल गळा. गळ्याला आणि बाह्यांना पांढरी लेस. गळ्यापासून पोटापर्यंत पुढून एक लांब चेन. चेनीच्या दोन्ही बाजूंना, नुसती शोभा म्हणून, तीन तीन बटणं. उजवीकडे एक भलामोठा खिसा, ज्यात किलोभर वाटाणे राहिले असते. खिशात घडी घालून ठेवलेलं, त्याच कापडाचं एक इवलंसं झबलं होतं.

तिनं बसल्या जागेवरून फोन लावला.

"लहानूभाऊ, हे काय शिवलं तुम्ही?"

"गाऊन."

"मले स्टेजवर घालायचा होता!"

पलीकडे क्षणभर मशीन थांबली. "गाऊन?" लहानूभाऊंनी विचारलं. "स्टेजवर?"

"चेन पुढून काहून लावली? मागून पाहिजे होती."

"मागून चेन लावून काय कराचं, मॅडम? बाळ झाल्यावर पाजसान कसे? तुमाले आता नाई समजनार. उरलेल्या कापडाचं झबलं शिवलं, त्याचे पैसे नाई घेतले."

यावर ओरडावं तरी काय? भूमिकानं फोन बंद केला आणि रागानं रडायला लागली. दोन तासांनी अपूर्व "सन्माननीय व्यासपीठ" म्हणणार होता आणि विश्वनाथसाहेब मान डोलवून म्हणणार होते, मी सांगितलं होतं मॅडमना, आराम करा. सहा वर्षांचं काम एका चेनीपायी जाणार होतं.

सुशील म्हणाला, "वरून ओढणी घेतली तर?"

ओढणी! म्हणजे थेट भाजीच्या गाडीपर्यंत. तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो गाडी पुसायला खाली गेला.

रुखमाबाई मात्र चष्मा लावून गाऊन उलटापालटा करत होत्या. "शिलाई चांगली आहे गड्याची," त्या म्हणाल्या. "रडू नको. कैची आन."

त्यांनी लेस उसवली. बटणं तोडली. चेन गळ्यापर्यंत ओढून आतून दुहेरी दोऱ्यानं पक्की शिवून टाकली. मग गाठोड्यातून स्वतःचं एक जुनं लुगडं काढलं, त्याचा जरीचा काठ सर्रकन फाडला आणि तो चेनीवर गळ्यापासून खालपर्यंत सरळ लावला. उरलेला बाह्यांना लावला.

"आई, ते तुमचं लग्नातलं लुगडं होतं ना?" भूमिकानं विचारलं.

"होतं. आता गप उभी राह्य, सुई लागन."

साडेचारला भूमिका आरशासमोर उभी राहिली आणि तिचा तिलाच विश्वास बसेना. मोरपंखी घोळ, मधोमध जरीचा काठ, आणि त्यातून डौलात पुढे आलेलं पोट. फोटोतली नटी हिच्यापुढे फिकी होती. फक्त भूमिकाच्या मनात एक धास्ती बसली होती, ओळखणारा ओळखेल.

त्या धास्तीपोटी तिनं तीन तास कडाडून निवेदन केलं. कोणी दोन सेकंद टक लावून बघितलं की हा चेन शोधतोय असं तिला वाटायचं आणि तिचा आवाज आणखी चढायचा. लोकांना तो आत्मविश्वास वाटला. पाहुण्यांचं नाव चुकलं नाही, एक शेर अडखळला नाही, टाळ्या पडत राहिल्या. अपूर्व पहिल्या रांगेत मांडीवर कागद ठेवून बसला होता, हळूहळू त्यानं त्याचा पंखा केला. तिसऱ्या रांगेत रुखमाबाई सुशीलशेजारी बसल्या होत्या आणि सूनबाईच्या तोंडाकडे न बघता आपल्या टाक्यांकडे बघत होत्या.

आभार झाले. भूमिका माइकपाशी कागद आवरत होती. विश्वनाथसाहेब जवळ आले. त्यांचा चेहरा खरोखर ओशाळलेला होता.

"मॅडम, माझं चुकलं," ते हळूच म्हणाले. "फार सुंदर झालं. आणि तुमचा गाऊनही फार सुंदर आहे."

बिचाऱ्या साहेबांची मुलगी बंगळुरात होती. गाऊन हा शब्द त्यांनी तिच्याच लग्नाच्या रिसेप्शनमध्ये ऐकला होता, तिथे त्याचा जो अर्थ होता, समारंभात मिरवायचा झगा, तोच त्यांना ठाऊक होता. पण भूमिकाला तीन तास, खरं तर सात महिने, ज्या शब्दाची भीती होती तोच शब्द आला होता, आणि तोही या माणसाच्या तोंडून. सगळा संताप एकदम वर आला.

"साहेब, हा घरात घालायचा गाऊन नाहीये," ती म्हणाली. "म्हणजे होता. पण त्याची पुढची चेन आम्ही शिवून टाकली आहे."

माइक चालू होता.

सभागृहात चारशे सभासद होते. जेवणाकडे निघालेले चारशेच्या चारशे जागच्या जागी थांबले. त्या शांततेत तिसऱ्या रांगेतून एक खणखणीत, अभिमानी आवाज आला.

"मीच शिवली. डबल दोरा हाये, निंगत नाई."

सोमवारी ऑफिसात तिच्या निवेदनाबद्दल एकही माणूस बोलला नाही. अकाउंट्सच्या चौघी जणींनी मात्र लहानूभाऊंचा नंबर घेतला. पुढच्या वर्षीचं सूत्रसंचालन साहेबांनी त्याच दिवशी तिच्या नावावर लिहून टाकलं, सभासदांची तशी मागणी आहे म्हणाले. कशासाठी मागणी आहे, हे विचारायची भूमिकाची हिंमत झाली नाही.

मुलगी झाली. ती तीन महिन्यांची झाली तेव्हाची एक दुपार. अंगात मोरपंखी झबलं आणि भुकेनं घर डोक्यावर घेतलेलं. भूमिका पलंगावर त्याच गाऊनमध्ये बसून, दात खाऊन, लहान कात्रीनं जरीचा काठ उसवत होती. मग चेनीवरचे टाके. डबल दोरा खरंच निघत नव्हता. ती लहानूभाऊंना शिव्या देत होती, कारण चेन पुढूनच हवी होती आणि हे त्या माणसाला आधीच माहीत होतं.

शेवटचा टाका तुटला, चेन सरकन उघडली, पोर चिकटली आणि घर शांत झालं.

"मोकळं वाटते ना वं?" रुखमाबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

भूमिकानं पोरीचं झबलं सारखं केलं. मोकळं वाटत होतं, आणि तिला त्याचाच सगळ्यात जास्त राग आला होता.