शामरावांची कवळी

कवळीच्या बाबतीत शामराव कुणाच्या बापाचं ऐकणारे नव्हते. परळच्या एका दातांच्या लॅबमध्ये त्यांनी उभी हयात कवळ्या घडवल्या. "निम्मं लालबाग माझ्या दातांनी वडे चावतं," हे त्यांचं चिंचपोकळीच्या चाळीत सगळ्यांना सांगून झालं होतं. बायको गेल्यापासून ते पुन्हा ऐकणारं कुणी उरलं नव्हतं. मग ते रेडिओला सांगायचे.

तर एका रविवारी त्यांचीच वरची कवळी मोरीत पडून दुभंगली. आणि दुपारी बेंगळुरूहून मुलाचा, हेरंबचा, व्हिडिओ कॉल यायचा होता. आठवड्यातलं तेवढंच एक बोलणं. त्यातही शामराव बोलत सुटायचे आणि हेरंब "बाबा, नंतर करतो" म्हणून लगेच फोन ठेवायचा. बोळक्या तोंडाने बोललो तर तेवढाही थांबणार नाही, या धास्तीने म्हातारा कासावीस झाला.

"हात्तिच्या, सामान घरात आहे की," ते रेडिओला म्हणाले. कपाटातून गुलाबी पावडर आणि उग्र वासाचं लिक्विड निघालं. लिक्विडमधले रेणू सगळे सुटे, एकेकटे. पावडरीतलं पेरॉक्साइड फुटलं की त्याचा एकेक तुकडा जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन घेऊन वणवण फिरतो आणि दिसेल त्या रेणूला धरतो. मग तो रेणू तसाच अपुरा होतो, तो पुढच्याला धरतो. अशी साखळी वाढत जाते आणि पातळ लिक्विडचं टणक प्लास्टिक होतं. दोन अपुरी टोकं एकमेकांना भेटली, तरच ती साखळी थांबते. लॅबमधल्या नवशिक्यांना शामराव हे झोपेतही सांगायचे.

त्यांनी तुकडे जुळवले, पावडर लिक्विडमध्ये कालवून फटीत तो गोळा भरला, जरा जास्तच भरला. मऊ होता तोवर कवळी तोंडात घातली आणि दात जुळतात का बघायला खालच्या कवळीवर कचकन दाबली. खालच्या कवळीला आधी व्हॅसलिन फासायचं असतं. ते विसरणाऱ्या नवशिक्यांना त्यांनी बाहेर उभं केलं होतं. तोंडात चटका बसायला लागला तेव्हा त्यांना व्हॅसलिन आठवलं. तोवर वरची आणि खालची कवळी एकजीव होऊन हिरड्यांवर घट्ट बसली होती. तोंड उघडेना.

इतक्यात शेजारची लतिका घावणे घेऊन आली.

"काका, गरम आहेत, खाऊन घ्या. काय झालं, बोलत का नाही?"

"म्म्म."

"मौन धरलंय वाटतं. बरं केलंत, चाळीला जरा आराम," म्हणत ती गेली. घावणे निवत गेले.

फोन वाजला. शामरावांनी तो उचलला आणि ते दात दाखवत हसले. दुसरं काही करताच येत नव्हतं.

"बाबा, आज खुशीत दिसताय." हेरंब वाट बघत थांबला. वडिलांनी मान डोलावली. मग तोच बोलायला लागला. ऑफिसचं बोलला, घरमालकाचं बोलला. "अक्षदा महिनाभर माहेरी आहे, बाबा. भांडण झालंय. मी टीव्ही लावूनच जेवतो. घरात आवाज असला की बरं वाटतं."

शामरावांनी हळूच हात लांब करून रेडिओ बंद केला.

फोन ठेवायला संध्याकाळ झाली. "आज किती दिवसांनी तुमच्याशी मनसोक्त बोललो," हेरंब म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या डॉक्टरने घासून कवळ्या सोडवल्या. "बोला आता, शामराव."

पुढच्या रविवारी फोन वाजला. शामरावांनी दोन्ही ठणठणीत कवळ्या काढून वाटीतल्या पाण्यात ठेवल्या, ओठ मिटले आणि मग फोन उचलला.