केस चालू, तं ड्युटी चालू

नोकरीवरून काढल्यावर माणूस घरी बसतो. आमचे गजभिये मास्तर दुसऱ्या दिवशी सकाळी कडक इस्त्रीची खाकी हाफपँट चढवून शाळेच्या कुंपणाबाहेर उभे राहिले आणि तिथूनच शिट्टी फुंकली. आत मैदानावरची पोरं सवयीनं सावधान! हेडमास्तर धावत आले, तर मास्तर त्यांना म्हणतात कसे, "केस चालू, तं ड्युटी चालू."

मी त्याच शाळेत गणिताचा मास्तर आणि नागपुरात त्यांचाच शेजारी. म्हणजे सुटका कुठेच नाही. मी राहायला आलो त्याआधीच त्यांची बायको वारली होती. घरात ते एकटेच.

भानगड अशी, की नवा नियम निघाला: ड्रिल मास्तरही मॅट्रिक पाहिजे. हे सातवी. गेली नोकरी! हेडमास्तर भला माणूस, शिपायाची जागा देऊ केली. मास्तर भडकले. "शिपाई गजभिये कोन हाय, मले मालूम नाही!" म्हणाले आणि त्याच दिवशी कोर्टात केस ठोकली.

मी म्हटलं, "मग मॅट्रिकला बसा. मी शिकवतो."

"काहून जी? मले घेतलं तवा हा नियम होता का? धाकानं मी शिकत नाही."

आता अशा माणसापुढे काय कपाळ फोडायचं!

कोर्टानं केस नुसती दाखल करून घेतली, तर वस्तीला वाटलं जिंकलीच. संदलचे ढोल-ताशे वाजवत मिरवणूक निघाली. मास्तरांनी समजावून सांगावं की नाही? छे! वाजवणाऱ्यांचे कदम चुकत होते म्हणून भर चौकात त्यांचीच ड्रिल घेतली.

पुढे पगार नाही. दुपारी संत्रा मार्केटात पेट्या उचलायचे, पण सकाळची शिट्टी चुकली नाही. शेवटी निकाल आला: मागाहून केलेला नियम जुन्या माणसाला लागत नाही, मास्तरांना कामावर घ्या. अभिमानानं माझी छाती अशी फुगली, जणू मीच जिंकलो.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मास्तर माझ्या दारात. आवाज भलताच खाली.

"गुरुजी, मले मॅट्रिकचं गणित शिकवान का?"

मी उखडलोच. "आता? जिंकलात ना!"

"म्हणूनच तं." ते उंबऱ्याशी बसले. "माही बायको मॅट्रिक होती. रोज मले शिकवे. बीजगणितापर्यंत आनलं, अन् गेली. नोकरीच्या धाकानं शिकलो असतो, तं तिले आवडलं नसतं."

मी पुस्तक काढून पहिलं पान उघडलं. मास्तरांनी त्यावर हात ठेवला.

"इथून नाही, गुरुजी. हे तिनं शिकवलं हाय. त्याच्या पुढचं सांगा."