लांब एरियलचा फोन

देवरावनं जलालुद्दीनच्या फोनपेक्षा लांब एरियलचा फोन घ्यायचं ठरवलं, आणि तिथून सगळा बिघाड झाला.

आरमोरीच्या त्या गल्लीत पहिला फोन देवरावच्याच घरी लागला होता. अख्ख्या गल्लीनं पाहुण्यारावळ्यांना त्याचाच नंबर देऊन ठेवलेला, पुढे 'पी.पी.', म्हणजे शेजाऱ्याचा फोन, असं लिहून. कोणाचा फोन आला की देवराव त्याला बोलावून आणायचा, खुर्ची द्यायचा आणि स्वतः समोर पेपर उघडून बसायचा. (पेपर कधी कधी उलटा असायचा. वाचायचा कोणाला होता?) जन्मभर लाकडाच्या डेपोवर चौकीदारी केलेला माणूस. त्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय ओंडका फाटकाबाहेर पडला नाही, तर बातमी कशी पडेल? कोणाची सोयरीक मोडली, कोणाच्या जावयानं नोकरी सोडली, सगळं त्याला आधी माहीत. गल्लीत त्याला मान होता तो एवढ्यासाठीच.

मग भिंतीपलीकडच्या जलालुद्दीननं, सायकलदुकानवाल्यानं, फोन घेतला. तोही बिनवायरचा, डबा घरात ठेवून रिसीव्हर कुठंही नेता येणारा. कोणाचा फोन आला की जलाल रिसीव्हर त्याच्या अंगणात नेऊन द्यायचा आणि पाठ फिरवून निघून जायचा. बघता बघता गल्लीचे सगळे पी.पी. भिंतीपलीकडे गेले.

देवरावच्या घरची खुर्ची रिकामी पडली.

"ज्याच्या मनात पाप नाई, त्याले लपूनछपून बोलाचं काय काम?" तो बायकोला म्हणाला.

"मंग तुमी बोला ना चारचौघांत," अंजनाबाई म्हणाली.

"मले कोणाचा फोन येते?"



देवराव तडक नागपूरला गेला. दुकानदारानं दोन फोन दाखवले. यानं वितीनं एरियल मोजून लांब असलेला उचलला. घरी येताच जुना फोन ऐटीत भंगारवाल्याला देऊन टाकला. मग एरियल पूर्ण ओढून, रिसीव्हर कमरेला खोचून गल्लीभर हिंडला. ते एरियल शेजारच्या रंभाच्या वाळत घातलेल्या लुगड्यात अडकलं, तिच्या शिव्या खाल्ल्या, पण पी.पी. कोणी परत आणला नाही.

एका सकाळी त्यानं सहज रिसीव्हर कानाला लावला, तर आत रंभा बोलत होती. आणि रंभा तर समोर आपल्या दारात, जलालचा रिसीव्हर घेऊन उभी! ओठ तिथे हलत होते, आवाज इथे येत होता. दोन्ही फोन एकाच घाण्याचे, एकाच चॅनलचे, म्हणून एकावरचं बोलणं दुसऱ्यात ऐकू येत होतं, एवढीच गोष्ट. पण देवरावला वाटलं, ही लांब एरियलची करामत.

त्या दिवसापासून तो खाटेवरून उठेना. चहा थंड व्हायचा, भात गार व्हायचा, पण गल्ली पुन्हा त्याच्या मुठीत आली होती. "काऊन रंभा, भावाची म्हैस बरी हाय ना आता?" असं विचारायचा आणि तिचं तोंड पाहून खुश व्हायचा.

एका दुपारी अंजनाबाई नळावर जाते म्हणून गेली. देवरावनं रिसीव्हर उचलला, तर आत तीच. भद्रावतीला दिलेल्या पोरीशी, हर्षाशी बोलत होती. घरून फोन काऊन नाई केला, असं पोरगी विचारत होती.

"घरी तुझा बाप हाय ना कान टवकारून," अंजनाबाई म्हणाली. "हा जलालभाऊ पाह्य. फोन हातात देते अन् निघून जाते. माणूस असावा तं असा."

इथपर्यंत देवरावनं श्वास रोखून धरला होता. शेवटचं वाक्य मात्र त्याच्या घशाखाली उतरेना.

"निघून जाते तं साधू झाला काय तो? दुकानात गिऱ्हाईक थांबलं असते त्याचं."



"बाबा," हर्षा म्हणाली, "तुमी कुठून बोलून राह्यले?"

"घरून."

"अन् आई?"

"जलालच्या अंगणातून," देवराव बोलून गेला.

भिंतीवरून अंजनाबाईचं डोकं हळूच वर आलं. तिच्या कानाला फोन, याच्या कानाला फोन.

"असं हाय काय," ती म्हणाली. देवरावला ते दोनदा ऐकू आलं. एकदा भिंतीवरून, एकदा फोनमधून.

संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं. रंभाला म्हशीचं कोडं उलगडलं, आणि ती जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. देवराव शपथेवर सांगत होता की यापुढे आपण फोन बंद ठेवू. जलालुद्दीन बिचारा म्हणाला की, भाऊ सांगून राह्यले तं ठेवतील बंद. पण गल्लीचा विश्वास बसेना. शेवटी रंभानंच तोड काढली. ज्याला जलालच्या फोनवर बोलायचं असेल त्यानं आधी देवरावचा रिसीव्हर ताब्यात घ्यायचा, बोलणं झालं की परत आणून द्यायचा.

दिवसभर दारात माणसं. "द्या भाऊ तुमचा फोन." देवराव मुकाट्यानं काढून द्यायचा. पुढे पुढे नेणं-आणणंही लोकांना जड झालं, आणि रिसीव्हर जलालच्याच घरात कोनाड्यात राहू लागला. देवरावकडे नुसता डबा उरला. तरी पानठेल्यावर तो सांगायचा, "आपल्या फोनबिगर गल्लीत कोणाचं पान हालत नाई."

एकदा डबा वाजला. देवराव चपला न घालताच भिंतीपलीकडे धावला. जलालनं रिसीव्हर त्याच्या हातात दिला आणि रीतीप्रमाणे पाठ फिरवून निघून गेला. देवरावचा ऊर भरून आला. इतक्या दिवसांनी स्वतःचा फोन, तोही एकट्यानं बोलायला!

"बोल हर्षा," पोरीचा आवाज ओळखून तो म्हणाला.

"बाबा, आई हाय काय? तिले द्या."

त्यानं अंजनाबाईला हाक मारली. ती आली, रिसीव्हर घेतला, त्यावर हात ठेवला, आणि देवराव फाटकाबाहेर जाईपर्यंत तशीच उभी राहिली.