बोधनकरकाकांची दुसरी आंघोळ

आमचे बरकतपुऱ्यातले शेजारी बोधनकरकाका रोज सकाळी दोनदा आंघोळ करत. पहिली देवपूजेसाठी, दुसरी कुत्र्याला गोळी दिल्यावर. गोळी माशाच्या तेलाची, आणि घराणं असं की लसूणसुद्धा उंबऱ्याबाहेर! बाटलीचा मुक्काम कंपाउंडच्या कोनाड्यात, तुळशीपासून चांगला लांब.

नवाब हा त्यांचा म्हातारा कुत्रा. त्याला हल्ली विसर पडत चालला होता. दार उघडलं की बाहेर जायचं सोडून बिजागरीच्या फटीत नाक खुपसून उभा राही. "दिमाग का मामला है, मियाँ," काका म्हणत. मी चांगला कुलकर्णी. पण उर्दूत शिकून कोर्टात जन्म काढलेल्या काकांना सगळं जगच मियाँ.

बाजार नुकता खुला झाला होता. परदेशी चॉकलेटं आली, परदेशी साबण आले, आणि दिलसुखनगरच्या एका दुकानात चक्क म्हाताऱ्या कुत्र्यांच्या स्मरणशक्तीच्या गोळ्या आल्या. इथं माणसं रॉकेलच्या रांगेत, आणि कुत्र्याला फॉरेनचं तेल! मी तसं बोललोही.

"कायको जलते मियाँ? तुमची काकू गेल्यापासून या घरातलं जुनं ठाऊक असणारे आम्ही दोघंच. तोही विसरला तर मी कुणाशी बोलू?"

काकू शाळेत शिकवत. त्या होत्या तोवर शाळा सुटायच्या वेळी नवाब फाटकाशी जाऊन बसे. त्या गेल्यावरही महिनाभर बसला. मग काय समजायचं ते समजला आणि जायचा थांबला.

रोज संध्याकाळी काका त्याची परीक्षा घेत. "नवाब, हात दे!" नवाब गंभीरपणे माझ्या स्कूटरच्या चाकावर पंजा ठेवी. "पास!" काका खूश. आता याला काय म्हणावं!

एके दिवशी पाहिलं तर बाटली कोनाड्यात नव्हती. आंघोळही एकच झाली म्हणे.

"गोळ्या संपल्या का, काका?"

"बंद केल्या." त्यांनी हनुवटीनंच फाटक दाखवलं. नवाब कान टवकारून रस्त्याकडे बघत बसला होता. "परवापासून पुन्हा बसतोय. ती गेली हेच विसरलाय."

"अहो, मग तर गोळी हवीच की!"

"नक्को, मियाँ. आठवलं तर बिचाऱ्यासाठी ती पुन्हा एकदा जाईल. घरात एकाला तरी वाटतंय ना, ती यायची आहे."

काकांनी व्हरांड्यातली वेताची खुर्ची उचलली, फाटकाशी नवाबच्या शेजारी नेऊन ठेवली आणि तेही रस्त्याकडे तोंड करून बसले.